वॉल्डो सरोवराकाठचा मुक्काम: सोयी मोजक्या, पाणी अद्वितीय

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, विलामेट राष्ट्रीय वनाच्या हद्दीत, कॅस्केड पर्वतरांगेच्या माथ्याजवळ ५,४१४ फूट उंचीवर वॉल्डो नावाचे सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर सरकारी वनसेवेची तीन कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकून राहण्याच्या जागा, आहेत: उत्तरेला नॉर्थ वॉल्डो, त्याच्या थोडे खाली आयलेट आणि दक्षिण टोकाजवळ शॅडो बे. तिन्ही ठिकाणी, निरनिराळ्या महिन्यांत राहिल्यावर माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकते. केवळ सोयींवर गुण द्यायचे ठरवले तर ही जागा बरीच मागे पडेल. पण स्वच्छ पाण्याच्या काठी, शांततेत, तंबू ठोकून चार दिवस राहायचे असेल तर गाडी थेट पोहोचते अशा ठिकाणांपैकी याहून चांगले ठिकाण मला माहीत नाही. अट एकच, आणि ती कडक आहे: आठवडा नीट निवडावा लागतो. तो चुकला तर याच जागेवर राहणे शिक्षा वाटू शकते, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग मी त्या निवडीवर खर्च करणार आहे.

प्रथम पाण्याविषयी, कारण इथे येण्याचे खरे कारण तेच आहे. सरोवर सुमारे २५ चौरस किलोमीटर पसरलेले आणि सर्वांत खोल जागी ४२० फूट खोल आहे. खोलीच्या बाबतीत ओरेगॉनमध्ये क्रेटर लेकनंतर त्याचाच क्रमांक लागतो. एवढ्या मोठ्या जलाशयाला बारमाही वाहणारी एकही नदी येऊन मिळत नाही. वितळलेला बर्फ, पाऊस आणि जमिनीतून पाझरणारे पाणी एवढ्यावरच ते भरते, आणि वायव्य टोकातून विलामेट नदीच्या एका उपनदीचा उगम होतो. नदी येत नाही म्हणून गाळही येत नाही, आणि वनस्पतींना वाढायला लागणारी पोषकद्रव्येही जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे पाणी हिरवट करणारे सूक्ष्म जीव इथे फारसे वाढतच नाहीत. जगातल्या सर्वांत निर्मळ मोठ्या सरोवरांत वॉल्डोची गणना होते आणि निवांत, स्वच्छ दिवशी पाण्यात शंभर फुटांहून अधिक खोलवरचे दिसते. हा आकडा वाचणे वेगळे आणि कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या नावेत, बसून खाली पाहणे वेगळे. काठाजवळ तळावरचा प्रत्येक दगड आणि बुडालेल्या झाडाची प्रत्येक फांदी दिसते, त्यामुळे खोलीचा अंदाज पूर्ण चुकतो. कमरेइतके वाटणारे पाणी प्रत्यक्षात डोक्यावरून जाते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जरा आत गेले की तळ नाहीसा होतो आणि गडद निळा रंग सुरू होतो. तो रंग मी अन्यत्र कुठेही पाहिलेला नाही.

या पाण्याचे रक्षण करणारा एक नियम आहे, आणि माझ्या मते या कॅम्पग्राउंडची सर्वांत मोठी सोय म्हणजे तो नियमच होय. वॉल्डोवर पेट्रोलच्या इंजिनाची नाव चालवण्यास बंदी आहे. वल्ही, शीड आणि विजेवर चालणारी छोटी मोटर यांना परवानगी आहे. अनेक वर्षांच्या वादानंतर हा नियम कायम झाला. ज्यांनी इतर पर्वतीय सरोवरांकाठी मुक्काम केला आहे त्यांना यातला फरक पहिल्याच सकाळी कळेल. अन्यत्र न्याहारी होईपर्यंत वेगवान नावांची घरघर सुरू झालेली असते, तिच्यामागे उठणाऱ्या लाटा काठ ढवळत राहतात आणि कॅनोत बसलेल्यांना सतत जीव मुठीत धरावा लागतो. इथे दुपारपर्यंत पाणी आरशासारखे राहते आणि पाण्यावर दूर बोलणाऱ्याचा आवाजही ऐकू येतो. पलीकडच्या म्हणजे पश्चिमेच्या बाजूला रस्ता नाही, घर नाही, दिवा नाही. १९८४ साली त्या भागाला ‘वॉल्डो लेक विल्डरनेस’ म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. तिन्ही कॅम्पग्राउंड पूर्व काठावर असल्यामुळे काठावरच्या कुठल्याही मोकळ्या जागेवरून समोर दिसते ते फक्त पाणी, जंगल आणि त्यावर मावळणारा सूर्य.

पोहोचणे अवघड नाही. यूजीन शहरातून महामार्ग ५८ धरून पूर्वेकडे निघाले की ओकरिज हे गाव लागते, आणि विलामेट खिंड येण्याच्या थोडे आधी डावीकडे वनसेवेचा ५८९७ क्रमांकाचा डांबरी रस्ता फुटतो. तोच पुढे तिन्ही कॅम्पग्राउंडपर्यंत जातो. इंधन, बर्फ, किराणा, औषधे हे सारे ओकरिजलाच घ्यावे, कारण सरोवरावर दुकान नाही आणि मोबाइलचे नेटवर्कही गृहीत धरू नये. वाटेत महामार्गालगतच सॉल्ट क्रीकचा २८६ फुटी धबधबा आहे. वाहनतळापासून तो चार पावलांवर असल्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पाय मोकळे करायला तिथे अवश्य थांबावे.

कॅम्पग्राउंडमध्ये मिळते ते असे: गाडी उभी करण्याची जागा, तंबूसाठी सपाट केलेली जमीन, लाकडी टेबल आणि बाके, शेकोटीसाठी लोखंडी कडे, जवळपास शौचालय आणि नाव पाण्यात उतरवण्याचा उतार. अंघोळीची सोय नाही, गरम पाणी नाही, विजेची जोडणी नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते बंद असू शकतात; निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि तरीही दोन दिवस पुरेल एवढे पाणी सोबत ठेवावे. सरोवराचे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळून किंवा उकळूनच प्यावे. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून होते. रात्रीचे शुल्क त्या परिसरातल्या कुठल्याही हॉटेलच्या खोलीच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि मिळणाऱ्या गोष्टींच्या मानाने ते मला नेहमीच रास्त वाटले आहे. पाळीव कुत्र्याला दोरीने बांधून नेता येते, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या तुलनेत हा मोठाच फरक आहे. तिथे कुत्र्यांना बहुतेक पायवाटांवर मज्जाव असतो, राष्ट्रीय वनात तसा सरसकट नसतो.

तिन्ही ठिकाणांचे स्वभाव वेगळे आहेत. शॅडो बे सर्वांत मोठे आहे आणि नावाप्रमाणेच एका आडोशाच्या खाडीवर, दाट सावलीत वसलेले आहे. वारा तिथे कमी लागतो, म्हणून नाव नवीनच चालवायला शिकणाऱ्यांना ती खाडी उत्तम. पण याच आडोशामुळे आणि आसपासच्या ओलसर जमिनीमुळे डास तिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत उशिरापर्यंत असतात. आयलेटला वाळूचे छोटे काठ आहेत. मुलांना पाण्यात खेळवायचे असेल तर मी दुसरीकडे जाणार नाही. नॉर्थ वॉल्डो हे चालणाऱ्यांचे ठिकाण आहे, कारण उत्तरेकडच्या पायवाटा तिथूनच निघतात. आयलेट आणि नॉर्थ वॉल्डो यांच्यामध्ये काठाकाठाने जाणारी एक सोपी पायवाट आहे आणि संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी ती मला फार आवडते. एकच ठिकाण निवडायचे तर मी आयलेट निवडेन, मात्र तिथे दुपारनंतर पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो हे जाणून. तंबूच्या दोऱ्या ढिल्या ठेवून भटकायला गेलेल्या शेजाऱ्यांचे तंबू मी तिथे आडवे झालेले पाहिले आहेत.

आता डासांविषयी. वॉल्डोबद्दलच्या तक्रारींपैकी बहुतेक या एका विषयावर असतात आणि त्या खऱ्या आहेत. पर्वतमाथ्यावरचा बर्फ जून-जुलैत वितळतो तेव्हा जंगलातल्या प्रत्येक खळग्यात पाणी साचते. इथल्या डासांनी आदल्या वर्षीच त्या खळग्यांच्या ओलसर मातीत अंडी घातलेली असतात. बर्फाचे पाणी त्यांच्यावर चढले की ती जवळजवळ एकाच वेळी फुटतात आणि काही आठवड्यांत डासांचे थवे हवेत येतात. म्हणजे ज्या वर्षी बर्फ जास्त किंवा उशिरापर्यंत, त्या वर्षी डासही जास्त आणि उशिरापर्यंत. सर्वसाधारणपणे संपूर्ण जुलै त्यांचा असतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ते झपाट्याने कमी होतात, कारण खळगे आटतात आणि नवी पिढी त्याच उन्हाळ्यात तयार होत नाही. मला हे मुद्दाम सविस्तर सांगावेसे वाटते, कारण अनेक जण चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीत, रस्ता नुकताच उघडलेला असताना, मोठ्या उत्साहाने मुले-बाळे घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून परत जातात. परीक्षणात त्यांनी दिलेला एकच तारा या जागेला मिळतो, पण खरे तर तो तारखेला मिळायला हवा.

जुलैतच जाणे भाग असेल तर काही गोष्टी निश्चित उपयोगी पडतात. टेबलावर उभारता येणारी, चारही बाजूंनी जाळी असलेली राहुटी न्यावी. तिच्यावाचून जेवणे अशक्य होते. डोक्यावरून घ्यायची जाळी आणि घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घ्यावेत. अंगाला लावायच्या औषधांपैकी डीईईटी प्रभावी आहे, पण ते प्लास्टिक आणि काही कृत्रिम धाग्यांचे नुकसान करते, म्हणून गॉगल, घड्याळ आणि तंबूच्या कापडापासून ते दूर ठेवावे. पिकारिडिन या दुसऱ्या औषधाने तसे होत नाही. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारायचे असेल तर ते घरीच मारून पूर्ण वाळवून आणावे, कारण ते मासे आणि पाण्यातल्या कीटकांसाठी अत्यंत विषारी आहे. आणि औषध लावलेल्या अंगाने सरळ पाण्यात उडी मारू नये, आधी काठापासून दूर जाऊन ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यावे. ज्या पाण्यात मुळातच जवळजवळ काही विरघळलेले नाही, त्यात बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट मोजली जाते.

ऑगस्टच्या मध्यानंतर डास संपतात आणि वणव्यांचा काळ ऐन भरात येतो. वॉल्डोला जाण्याचे गणित अवघड होते ते इथे. २०२२ साली १ ऑगस्टला वीज पडून सरोवराच्या पश्चिमेला पेटलेला सीडर क्रीकचा वणवा शरद ऋतूपर्यंत धुमसत राहिला आणि त्यात सव्वा लाख एकरांहून अधिक क्षेत्र सापडले. सप्टेंबरमध्ये ओकरिजच्या रहिवाशांनाही घरे सोडावी लागली आणि सरोवराचा परिसर लोकांसाठी बंद झाला. दरवर्षी असे होत नाही. तरीही त्या काळात दूरच्या वणव्याचा धूरसुद्धा या खोऱ्यात येऊन बसतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी एअरनाऊ या सरकारी संकेतस्थळावरचा आग आणि धुराचा नकाशा पाहणे आणि वनसेवेच्या पानावर बंदीचे आदेश वाचणे मी अनिवार्य मानते. शेकोटीवर बंदी हा तर या काळातला जवळपास नेहमीचा अनुभव आहे. ज्यांना शेकोटीशिवाय कॅम्पिंग अपुरे वाटते त्यांनी ही निराशा आधीच पचवून यावे. झडप बंद करता येणाऱ्या गॅसच्या चुलीला अशा बंदीतही बहुधा मुभा असते, त्यामुळे स्वयंपाक अडत नाही. शेकोटीची परवानगी असेल तेव्हाही लाकूड दूरवरून आणू नये. जळाऊ लाकडातून झाडांना मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात.

डास आणि वणवे या दोन्हींतून निसटायला मिळणारी फट अरुंद आहे. माझ्या अनुभवात सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत चांगले, विशेषतः लेबर डेची (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची) सुटी संपल्यानंतरचे मधले वार. तेव्हा डास नसतात, गर्दी नसते, एखादा पाऊस पडून गेला असेल तर धूरही खाली बसलेला असतो आणि पायवाटांच्या कडेला हकलबेरी ही रानफळे पिकलेली असतात. पाणी पोहण्याजोगे असते, तरी थंडच. त्यात फार वेळ राहवत नाही. रात्री मात्र तापमान शून्य अंशाच्या आसपास उतरू शकते. अशा वेळी जाड स्लीपिंग बॅगपेक्षाही खालची चटई महत्त्वाची ठरते, कारण अंगाखाली दबलेली बॅग जमिनीचा गारठा अडवू शकत नाही. स्वस्त हवेच्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना पहाटे गाडीत जाऊन बसावे लागते, हे मी शेजारच्या तंबूंत वारंवार पाहिले आहे.

तंबूची जागा निवडताना वर पाहावे. इथले जंगल माउंटन हेमलॉक, सिल्व्हर फर आणि लॉजपोल पाइन यांचे आहे आणि त्यात उभी वाळलेली झाडे पुष्कळ आहेत. दुपारच्या वाऱ्यात त्यांच्या फांद्या तुटून पडतात. खाद्यपदार्थ, साबण, टूथपेस्ट हे सारे रात्री बंद गाडीत ठेवावे. या वनात काळी अस्वले आहेत, पण रोजचा त्रास त्यांचा नसून खारींसारख्या चिपमंकांचा आणि ‘जे’ नावाच्या राखाडी पक्ष्यांचा असतो. टेबलावर उघडी राहिलेली पाकिटे त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

कयाक किंवा नाव सोबत नसेल तरी इथे दिवस भरगच्च जातो. सरोवराला पूर्ण वळसा घालणारी जिम वीव्हर लूप ही पायवाट वीस मैलांहून लांब आहे. सायकलवाल्यांना ती फार प्रिय आहे आणि दमदार पायांच्या माणसाला ती एका लांब दिवसात चालूनही जाता येते. मला स्वतःला नॉर्थ वॉल्डोहून रिग्डन तळ्यांकडे जाणारी वाट अधिक मोलाची वाटते. १९९६ साली या उत्तर टोकाला मोठा वणवा लागला होता आणि ही वाट त्याच जळलेल्या पट्ट्यातून जाते. चांदीसारखी करडी पडलेली उभी खोडे, त्यांच्या पायाशी दाटीने वाढणारी कोवळी झाडे आणि मध्ये मध्ये उघडणारे आकाश, हे दृश्य पाहिल्यावर वणव्यानंतर जंगल किती सावकाश उभे राहते ते पुस्तकापेक्षा चांगले समजते. सावली नसल्यामुळे ही वाट सकाळीच करावी. चढण आवडणाऱ्यांसाठी दक्षिणेला ७,१४४ फूट उंचीचा फुजी पर्वत आहे, आणि सरोवर सबंध एका नजरेत पाहायचे असेल तर त्या शिखरासारखी जागा नाही.

सरोवराला नाव मिळाले ते जॉन ब्रेकनरिज वॉल्डो (१८४४–१९०७) या न्यायाधीशांवरून. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयात काम केलेले हे गृहस्थ उन्हाळे या पर्वतांत घोड्यावरून भटकण्यात घालवत, आणि कॅस्केड पर्वताचा पट्टा सरकारने राखीव ठेवावा यासाठी त्यांनी चिकाटीने खटपट केली. १८९३ साली कॅस्केड रेंज फॉरेस्ट रिझर्व्ह जाहीर झाले त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता, आणि आजची इथली राष्ट्रीय वने त्यातूनच पुढे आली. त्याच सरोवराच्या नैर्ऋत्य बाजूला क्लोव्हडाल खाडीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पाणी वळवून शेतीला नेण्यासाठी बोगदा खोदला गेला. ती योजना कधी चालली नाही. कयाकमधून त्या खाडीत गेल्यावर मला आठवण होते ती वॉल्डो यांचीच.

कयाक आणि कॅनो वापरणाऱ्यांसाठी काही सूचना, कारण इथल्या शांत सकाळींमुळे लोक गाफील राहतात. मोठे पाणी ओलांडायचे ते सकाळीच. दुपारी पश्चिमेकडून वारा उठला की पूर्व काठावर चांगल्या उंच लाटा आदळतात आणि परतीची वल्ही जड होतात. नावेतल्या प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असणे ओरेगॉनच्या कायद्याने सक्तीचे आहे, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी नाव चालू असताना ते अंगात घातलेलेच हवे. पाण्याचा गारठा लक्षात घेता मोठ्यांनीही ते घालावे असे मी आग्रहाने सांगेन. नावेसाठी राज्याचा परवाना लागतो की नाही हे निघण्यापूर्वी तपासावे. त्या शुल्कातून उपद्रवी जलचरांना रोखण्याचे काम चालते. दुसऱ्या जलाशयात वापरलेली नाव इथे आणण्याआधी धुऊन, आतले पाणी काढून, पूर्ण वाळवलेली असली पाहिजे. मासेमारीसाठी मात्र कुणी मुद्दाम येऊ नये. इतक्या निःसत्त्व पाण्यात माशांना अन्न थोडे, आणि सरोवरात मासे सोडणेही कित्येक वर्षांपूर्वीच थांबवण्यात आले आहे. भांडी आणि अंग धुण्यासाठी काठापासून किमान दोनशे फूट दूर जावे, मग साबणाच्या बाटलीवर निसर्गस्नेही असे कितीही ठळक छापलेले असो. मी तर पाणी बादलीत घेऊन आतल्या रस्त्यापलीकडे जाते, आणि शेजारी विचारतात तेव्हा त्यांना कारण सांगते; बहुतेक जण दुसऱ्या दिवशी स्वतःची बादली घेऊन तिकडेच येतात.